भिंतीवरच्या फोटोंना काय विचारायचं?

जुलै लागला की वाकडमधल्या लिफ्टमधलं बोलणं बदलतं. एरवी पाण्याचा टँकर आणि हिंजवडीचं ट्रॅफिक यांपलीकडे न जाणारी माणसं ‘पर्सेंटाइल किती आलं?’, ‘कॉम्प मिळेल का हो?’ असं विचारू लागतात. बारावी झालेलं पोर कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून उभं असतं आणि त्याचे वडील त्याच्या वतीने उत्तरं देत असतात. पाठोपाठ कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रकं घरात येऊन पडतात. त्यातलं एक पान ठरलेलं असतं, ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’. गोल चौकटीतले फोटो आणि खाली मोठमोठी पदं.

हे पान बहुतेक घरांत दोनच कामांना येतं. ‘बघ, इथून कोण कोण निघालंय’ म्हणून मुलाला सुनवायला, नाहीतर ‘सगळी जाहिरातबाजी’ म्हणून उलटून टाकायला. मला दोन्ही पटत नाही. कॉलेज निवडायला त्या पानाची मदत बेताचीच होते, हे खरं. हजारो मुलं शिकून बाहेर पडली त्यातले हे आठ-दहा चेहरे. पण पदवीनंतरची वर्षं माणसं कशी काढतात, हे समजून घ्यायला ते पान फार कामाचं आहे. त्यासाठी फोटोखालचं शेवटचं पद झाकून ठेवायचं आणि डिग्री हातात पडल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं शोधून काढायची.

नमुन्याला आपल्या जवळचं सरकारी कॉलेजच घेऊ. वाकडच्या कडेने वाहणारी मुळा पुढे मुठेला मिळते, त्या संगमाजवळ शिवाजीनगरला सीओईपी आहे. सरकारी बांधकामांवर लागणारी कनिष्ठ अधिकाऱ्यांची फळी तयार करायला 1854 साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने ते सुरू झालं. पुढे ते ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झालं, 1911 पासून ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झालं, 2003 मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली आणि 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा. एवढी नावं सांगायचं कारण असं की जुन्या मंडळींच्या चरित्रात कधी मुंबई विद्यापीठाची पदवी दिसते, कधी पुणे विद्यापीठाची. त्याने गोंधळू नका, कॉलेज तेच असतं. उलट एखाद्या माहितीपत्रकात फोटोखाली शाखा आणि पदवीचं साल दोन्ही नसेल तर थोडं थांबा. वर्षभर वर्गात बसून सोडून गेलेला माणूस पुढे मोठा झाला की त्याच्यावरही कॉलेज हक्क सांगतं.

यादीत पहिलं नाव विश्वेश्वरय्यांचं असणार. 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, हार घातला जातो तो फोटो म्हैसुरी पगडीतल्या दिवाणाचा. पण पगडी झाका. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात आलेला हा मुलगा 1883 मध्ये एलसीई, म्हणजे त्या काळची सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी, झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला लागला. मग खानदेश. तिथे पांझरेच्या खोऱ्यात ओढ्याखालून नळ घालून पाणी पलीकडे काढायचं किचकट काम. मग सिंधमध्ये सक्करची पाणीयोजना. नीरा कालव्यावर पाण्याच्या वाटपाची ब्लॉक पद्धत. खडकवासल्याला पूर आला की आपोआप उघडणारे दरवाजे बसले ते 1903 मध्ये, म्हणजे नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी. दिवाणपद 1912 चं, भारतरत्न 1955 चं. नाव ज्यामुळे राहिलं ते खडकवासल्याचे दरवाजे घ्या किंवा नीरेची पद्धत, त्याचं शिक्षण आडगावांतल्या कालव्यांवर झालं होतं.

वाकडच्या घरांत हे सांगायला हवं, कारण इथे पहिल्या नोकरीचं ठिकाण हा प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसलाय. हिंजवडीत काचेच्या इमारतीत लागला तर पेढे, आणि चाकणला ट्रेनी म्हणून तीन पाळ्यांत लागला तर ‘सध्या करतोय काहीतरी’. मी स्वतः पहिली दोन वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. रात्रपाळीच्या बसमधून उतरताना घराशेजारच्या कोणाची नजर नको म्हणून चौकात आधीच उतरून चालत यायचो. आज कोणी मला त्या दोन वर्षांत काय शिकलास असं विचारलं तर तासभर बोलू शकतो. पुढच्या ऑफिसातल्या पाच वर्षांबद्दल दहा मिनिटांत संपेल.

आता दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. थॉमस कैलाथ आणि कुमार पटेल. दोघं टेलिकम्युनिकेशन शाखेचे, कैलाथ 1956 चे आणि पटेल 1958 चे. कैलाथ पुण्यात वाढले, पटेल बारामतीत जन्मले. कैलाथांना अमेरिकेत अर्ज करायला घरच्या एका स्नेह्याने भरीला घातलं. ते एमआयटीला गेले, 1961 मध्ये तिथली डॉक्टरेट मिळवली आणि मग स्टॅनफर्डला आयुष्यभर संदेशवहन आणि नियंत्रणाचं गणित शिकवलं. पटेलांचा किस्सा मला जास्त आवडतो. त्यांना परराष्ट्र सेवेत जायचं होतं, पण पदवी इतक्या लवकर झाली की त्या परीक्षेला बसायचं वयच भरेना. मधला वेळ रिकामा कशाला घालवायचा म्हणून ते स्टॅनफर्डला शिकायला गेले, तिथून 1961 मध्ये बेल लॅब्जला, आणि 1964 पर्यंत कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे आला. भोसरीच्या एमआयडीसीत ‘लेझर कटिंग’च्या पाट्या दिसतात ना, त्या धंद्याची वाट या लेझरने पाडली. पत्र्याच्या कामात आता फायबर लेझर पुढे गेलाय, पण ॲक्रिलिक आणि लाकूड कापायला अजून ‘सीओटू’च लावतात. वयाची अट दोन वर्षं अलीकडे असती तर हा माणूस कदाचित कुठल्याशा वकिलातीत सचिव झाला असता.

एकाच शाखेतून, जवळजवळ एकाच काळात निघालेले हे दोघे. एक कागदावरच्या गणिताकडे गेला, दुसरा वायूने भरलेल्या नळ्यांकडे. तेव्हा ‘कॉम्प की ईएनटीसी’ यावर रात्री दोन वाजेपर्यंत घरात भांडण चाललं असेल तर थोडं सैल सोडा. शाखेला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. सिव्हिल आणि कॉम्प्युटर यांत फरक आहेच, आणि ज्याला मातीत उभं राहायला आवडत नाही त्याने सिव्हिल घेऊ नये. पण जवळजवळच्या दोन शाखांमधला फरक पहिल्या वर्षीच्या मुलाला वाटतो तेवढा पुढे उरत नाही.

लीला पूनावालांचं नाव पिंपरी-चिंचवडमध्ये वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातली मुलगी, 1967 ची मेकॅनिकल. त्या काळी मेकॅनिकलच्या वर्गात मुलगी दिसणं ही बातमीच असायची. दापोडीच्या अल्फा लावलमध्ये खालच्या पायरीपासून चढत 1980 च्या दशकात त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या, 1989 मध्ये पद्मश्री मिळाली आणि नंतर मुलींना शिष्यवृत्त्या देणारं फाउंडेशन त्यांनी उभं केलं. मुलगी मेकॅनिकल म्हणाली की ‘कंपनीत पाळ्या असतात, लग्नाचं अवघड होईल’ हे वाक्य आजही आपल्याकडे निघतं. तेव्हा घरातल्या मोठ्यांना एकदा दापोडीवरून फिरवून आणा.

बी. जी. शिर्के तर वाकडकरांच्या रोज नजरेला पडतात, फक्त आपण त्यांना ओळखत नाही. वाईजवळच्या पसरणीचे, 1943 चे सिव्हिल. सगळे सरकारी नोकरीमागे धावत त्या काळात त्यांनी ठेकेदारीचा धंदा धरला. हायवेच्या पलीकडे दिसतं ते बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी त्यांच्या कंपनीने बांधलं. आणि तुमच्या फ्लॅटच्या भिंतीला खिळा ठोकताना आतून भुरभुरीत पांढरा चुरा पडतो ना, त्या हलक्या ठोकळ्यांची जात महाराष्ट्रात रुळवण्यात त्यांनी स्वीडनहून आणलेल्या सिपोरेक्सचा मोठा वाटा आहे. गवंडी अजूनही त्या विटेला कंपनी कुठलीही असो ‘सिपोरेक्स’च म्हणतात.

बाकीची नावं पटकन सांगतो. कागलजवळच्या कसबा सांगावचे शिवराम भोजे 1965 ला मेकॅनिकल झाले आणि अख्खं आयुष्य फास्ट ब्रीडर अणुभट्ट्यांना देऊन कल्पाक्कमच्या केंद्राचे संचालक झाले. नाशिकच्या रमेश रासकरांनी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कोपऱ्यापलीकडचं पाहू शकणारा कॅमेरा केला आणि गावच्या कुंभमेळ्यासाठी तरुणांना एकत्र बसवून उपाय शोधायला लावले. एकाने विषय सोडला नाही, दुसऱ्याने गाव.

आता ज्यांना ‘डिग्री वाया घालवली’ असं घरी ऐकावं लागतं त्यांच्यासाठी शेजारच्या सरकारी कॉलेजात जाऊ. ससूनला लागून असलेलं बी. जे. मेडिकल. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे तिघंही इथले. मराठी माणूस ही नावं घेताना ‘डॉक्टरकी सोडून नाटकात गेले’ असं सहज म्हणून टाकतो. जरा तपासा. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात त्यांनी खरोखरची प्रॅक्टिस केली आणि पूर्णवेळ नट झाले ते 1969 मध्ये, बेचाळिशीत. ‘नटसम्राट’ त्यानंतर आलं. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. दौंडला पत्नीसोबत दवाखाना चालवत होते आणि तिकडून येऊन ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक बसवत होते. 1972 च्या डिसेंबरात ते उभं राहिलं, त्यांचा ‘सामना’ हा चित्रपट 1975 ला आला. आगाशे मनोविकारतज्ज्ञ राहिलेच. ‘घाशीराम’मधला नाना फडणवीस करत असताना त्यांनी मानसोपचार शिकवणं थांबवलं नाही. बी. जे.च्या गॅदरिंगमधून आणि एकांकिकांमधून हे सगळं वर आलं, पण कुणीही पहिल्या प्रयोगाच्या टाळ्या ऐकून दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप खुंटीला टांगला नाही.

तुमच्या घरात गिटार, क्रिकेट, यूट्यूब किंवा नाटकाने भारलेलं पोर असेल तर ही वर्षं त्याला दाखवा, आणि स्वतःही पाहा. मुलाला कळेल की घाई नको. आईवडिलांना कळेल की दवाखाना चालू असताना दौंडहून पुण्याला तालमीला जाता येतं.

इथपर्यंत मोठ्या माणसांचं झालं. खरी उपयोगाची माहिती त्यांच्याकडून येत नाही. ती तुमच्याच बिल्डिंगमधून येते. वाकड, ताथवडे, पुनावळे, थेरगाव या पट्ट्यात इतके इंजिनिअर राहतात की सकाळी साडेआठला लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्राची पट्टी असलेल्यांना विचारलं तरी दोन-चार कॉलेजं सापडतील. सोसायटीच्या ग्रुपवर सरळ विचारा, अमुक कॉलेजचं, 2012 ते 2018 मधलं कोणी आहे का? साल मुद्दाम तेवढं मागचं धरायचं. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्याला अजून काही कळलेलं नसतं आणि वीस वर्षांपूर्वीचा ‘आमच्या वेळी’ सुरू करतो. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो. तिथे साल टाकून पंधरा-वीस जणांची पहिली नोकरी वहीत उतरवून काढा. आत्ताचं पद लिहायचं नाही. एका संध्याकाळचं काम आहे आणि कुठल्याही समुपदेशकाच्या फीपेक्षा स्वस्त.

निरोप मुलाने किंवा मुलीने स्वतः पाठवावा. वडिलांनी पाठवलेल्या निरोपाला लोक उत्तर देतात, पण मन मोकळं करत नाहीत. चार ओळी पुरतात. ‘नमस्कार दादा, मी वाकडला राहते, यंदा सीईटी दिली. तुम्ही ज्या शाखेला होतात ती माझ्या यादीत दुसरी आहे. शनिवारी-रविवारी वीस मिनिटं बोलता येईल का? माझे तीन प्रश्न आहेत, खाली लिहिले आहेत.’ प्रश्न आधी लिहून दिले की समोरचा माणूस तयारीने येतो. ‘प्लीज गाइड’ एवढंच लिहिलं की तो निरोप वाचून पुढे सरकतो, मीही सरकतो.

प्रश्न कुठले? ‘कॉलेज कसं आहे?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला ‘चांगलं आहे’ याशिवाय उत्तर नाही. ‘तुम्हाला कुठल्या विषयात केटी लागली (म्हणजे विषय राहिला) आणि तेव्हा कोणी मदत केली?’ हे विचारा. त्यात शिक्षक, सीनियर, होस्टेल सगळं आपोआप येतं. ‘तुमच्या वर्गातले जे मागे राहिले ते आज काय करतात?’ हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. टॉपर कुठेही टिकतो. वायडी झालेली, म्हणजे वर्ष वाया गेलेली मुलं सात वर्षांनी ठीक उभी असतील तर त्या कॉलेजात एकमेकांना धरून राहायची रीत आहे असं समजा. आणि तिसरा प्रश्न, ‘वर्गाबाहेर तुम्ही कशात होतात?’ सीओईपीवाले इथे हमखास बोट क्लब आणि रेगाटा काढतील, कोणी रोबोटिक्स, कोणी पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतली एकांकिका. नदीत होडी वल्हवून नोकरी मिळत नाही, पण पहाटे पाचला तीस मुलांना काठावर गोळा करणाऱ्या पोराला पुढे टीम सांभाळायला वेगळं शिकवावं लागत नाही.

पगाराचं विचारायला लाजू नका, फक्त नीट विचारा. माहितीपत्रकातलं ‘सर्वाधिक पॅकेज’ एकाच मुलाचं असतं, ते तुमच्या घरी येणार नाही. मीडियन विचारा. मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याला किती मिळाले, तो आकडा. त्यातही सीटीसी किती आणि हातात किती, हे वेगळं. शिवाय वर्गात किती होते, प्लेसमेंटला किती बसू दिले आणि किती लागले, हे तीनही आकडे एकत्र हवेत. ज्या संस्था एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेतात त्यांना दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात नोकरी लागलेल्यांची संख्या, मीडियन पगार आणि पुढे शिकायला गेलेले किती, हे सापडतं. ते पान बहुधा कुठल्यातरी कोपऱ्यात असतं, शोधा. मला एका प्रवेश मेळाव्यात हा आकडा विचारल्यावर चहा आधी मिळाला, आकडा शेवटपर्यंत मिळाला नाही.

पैशाचंही आधी पाहून ठेवा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणशुल्क माफीच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात, आणि 2024-25 पासून कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल हे कागद निकालानंतर काढायला धावलात तर ‘आपले सरकार’ केंद्रात रांगेत अर्धा जुलै जाईल. कॅपच्या फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे हलतात. मागच्या वर्षी ताईने काय केलं यावर विसंबू नका, यंदाची माहितीपुस्तिका वाचा. पसंतीक्रम भरताना जिथे खरंच जायचं आहे ते वर. ‘मिळेल ते वर’ हा हिशेब करणारी माणसं दरवर्षी रडतात.

आणि ज्यांना दहावीनंतरच ठरवायचं आहे त्यांनी गणेशखिंडच्या शासकीय तंत्रनिकेतनाकडे एकदा बघून यावं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि मशीनला हात लावलेली ती मुलं तिसऱ्या वर्षापासून पुढे निघतात असं मी अनेकदा पाहिलंय. औंधच्या आयटीआयलाही नाक मुरडू नका. चाकणमध्ये चांगला टूल अँड डाय मेकर मिळवायला कंपन्या किती धडपडतात ते एखाद्या लघुउद्योजकाला विचारा, तो तुम्हाला जेवायला बसवून सांगेल.

कॉलेजात आधीच असलेल्यांसाठी एक छोटं काम. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तुमच्या शाखेचे तीन माजी विद्यार्थी गाठा, एक चाकण-भोसरीच्या कंपनीतला, एक हिंजवडीतला आणि एक ज्याने इंजिनिअरिंग सोडलंय असा. तिघांना एकच विचारा, ‘पदवीनंतरच्या तिसऱ्या वर्षी तुम्ही काय करत होतात?’ उत्तर लिहून ठेवा. प्लेसमेंटच्या दिवशी पहिल्या कंपनीने नाकारलं की ती वही उघडा.

शेवटचं, आणि हे बहुतेक जण विसरतात. ज्या दादाने किंवा ताईने वीस मिनिटं दिली त्यांना फेरीचा निकाल लागला की कळवायचं, मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी. लोक वाट पाहत असतात. मिळालंच, तर त्याच फोनवर विचारून घ्या, माळ्यावर जुना ड्राफ्टर आणि ग्राफिक्सचा बोर्ड पडलाय का. असतोच. नवा आणू नका.